जायची वेळ ठरते, यायची ठरत नाही

कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर या पट्ट्यात लिफ्ट नसलेल्या तीन मजली सोसायट्या अजून भरपूर आहेत. ज्यांनी तिथे तरुणपणी फ्लॅट घेतले ते आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि मुलं बाणेरला नाहीतर परदेशात. अशा ठिकाणी एखादा ज्येष्ठ नागरिक संघ वाहतुकीची सोय करायला बसला की पहिली बैठक गाडीवरच खर्ची पडते: व्हॅन घ्यायची का, देणगी कुणाकडून, बाजूला नाव कुणाचं रंगवायचं. पुण्यात गाडी मिळते हो. काम अडतं ते पलंगापासून गाडीपर्यंतच्या वीस-पंचवीस मीटरवर, आणि दवाखान्यातून परत यायच्या वेळेवर. या दोन्हींचा अंदाज घ्यायची जागा म्हणजे घरून येणारा पहिला फोन.

फोन घेणाऱ्याने ‘कुठे जायचं?’ हा प्रश्न तिसरा-चौथा विचारावा. आधी माणूस समजून घ्यावा.

“काकू, काका पलंगावरून स्वतः उठून बसतात का?”

“हो, बसतात की.”

“उभे राहतात?”

“धरलं तर राहतात.”

“किती वेळ? बेसिनवर दात घासून होईपर्यंत?”

“छे हो, लगेच खुर्ची द्यावी लागते.”

या तीन प्रश्नांत फेरीचा प्रकार ठरला. ‘थोडंफार चालतात’ एवढ्या उत्तरावर रिक्षा पाठवली की ती दारातून परत येते, कारण घरातलं चालणं भिंतीला धरून असतं आणि गेटपर्यंत भिंत नसते. फेऱ्यांच्या वहीत आम्ही नावापुढे चारपैकी एक शब्द लिहितो: चालता, धरून, खुर्ची, उचलून. ‘चालता’ला गाडीत बसवायला पाच मिनिटं धरायची, ‘धरून’ला दहा, ‘खुर्ची’ला पंधरा. ‘उचलून’ म्हणजे जिना आला, तिथे वीस-पंचवीस मिनिटं आणि दोन धडधाकट माणसं. एकट्या ड्रायव्हरच्या जिवावर ‘उचलून’ची फेरी घेऊ नये, तो कितीही हो म्हणाला तरी.

त्यानंतर इमारत. मजला कितवा हे सगळे सांगतात, पण लिफ्ट कुठे थांबते हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. जुन्या इमारतीला बाहेरून जोडलेली लिफ्ट बऱ्याचदा दोन मजल्यांच्या मधल्या लँडिंगवर उघडते, म्हणजे लिफ्ट असूनही आठ-दहा पायऱ्या राहतातच. चार माणसांच्या छोट्या लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावेल असं गृहीत धरू नये. नेहमीच्या घडीच्या खुर्चीची रुंदी २४ ते २६ इंच भरते आणि पायांच्या पट्ट्यांसकट लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. मावत नसेल तर लिफ्टमध्ये एक भक्कम स्टूल ठेवून त्यावर बसवावं आणि खुर्ची घडी करून पुढच्या खेपेला खाली आणावी. वीज गेली तर लिफ्टला जनरेटर आहे का, हेही त्याच फोनवर.

जिन्यावरून व्हीलचेअर उतरवताना माणसाचं तोंड उतरणीकडे, खुर्ची मागे कललेली, आणि मागची मोठी चाकं एकेका पायरीवर टेकवत न्यायची. वरच्या माणसाकडे हँडल, खालच्याने खुर्चीची मुख्य दांडी धरायची. हाताची किंवा पायाची पट्टी धरून उचलणं हा हमखास अपघात, कारण त्या पट्ट्या निघण्यासाठीच केलेल्या असतात. हँडलची रबरी मूठ फिरत असेल तर ती खुर्ची जिन्यावर नेऊ नये. चढवताना उलट, पाठ जिन्याकडे. खालच्या माणसाने आकडे मोजत बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. शेजारपाजारचे चार जण ‘सांभाळून, सांभाळून’ करायला लागले की लय बिघडते.

फोनवरचा शेवटचा प्रश्न म्हणजे ही फेरी खरंच लागते का. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायची रांग लागते. फेस ऑथेंटिकेशन, म्हणजे चेहऱ्यावरून ओळख पटवणं, आल्यापासून हा दाखला घरी बसून मोबाइलवर निघतो, त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप लागतात. पोस्टमनही थोडं शुल्क घेऊन घरी येऊन करून देतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. रक्ताचे नमुने लॅबवाले घरी येऊन नेतात. मतदानाचंही तसंच. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत ८५ वर्षांवरचे मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार यांना घरून मत देता आलं, पण त्यासाठी नमुना ‘१२ ड’ अधिसूचनेपासून पाच दिवसांत भरून द्यावा लागतो. मतदानाच्या आदल्या दिवशी फोन येतात, तोवर ती मुदत कधीच गेलेली असते. फॉर्म आधीच गोळा करून ठेवणारा संघ त्या दिवशी गाड्या कमी पळवतो.

आणि काही फेऱ्या आपल्या नसतातच. छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय, पडल्यावर खुब्यात कळ येतेय आणि पाय टेकवत नाही: १०८. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला रिक्षात बसवून नेण्याचा चांगुलपणा महागात पडतो. फोन घेणाऱ्याच्या समोर हे कागदावर चिकटवलेलं असावं, म्हणजे भिडेपोटी हो म्हटलं जात नाही.

आता गाडी. रिक्षा गल्लीत शिरते, गेटला टेकते आणि पावसातही मिळते, म्हणून ‘चालता’ आणि काही ‘धरून’ मंडळींना तीच बरी. पण रिक्षात आधी एक पाय वर टाकावा लागतो, मग वाकून आत वळावं लागतं. गुडघा वाकत नसेल किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर रिक्षा बाद. पायरी म्हणून रिक्षात एक लाकडी पाट ठेवावा, साधारण सहा इंच उंचीचा, खाली रबर ठोकलेला. प्लॅस्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं.

मोटारीत वॅगन आर सगळ्यांत सोयीची पडते, कारण तिची सीट कमरेच्या उंचीला येते; सेदानमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना तिघांची कसरत होते. मात्र वॅगन आर सीएनजीवर असेल तर डिकीत टाकी असते आणि घडी केलेली व्हीलचेअर त्यात जात नाही. पुण्यातल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवरच आहेत. ‘डिकी मोठी आहे ना?’ या प्रश्नाला ड्रायव्हर हो म्हणतो, म्हणून ‘टाकी कुठे आहे?’ असं विचारावं. छतावर कॅरिअर असेल तर खुर्ची वर बांधता येते, पण पंधरा-अठरा किलोंची लोखंडी खुर्ची दर वेळी डोक्यावर चढवायला ड्रायव्हर खूश नसतो, आणि दुसऱ्या महिन्यात त्याचा फोन लागेनासा होतो. म्हणून दवाखान्याची खुर्ची दारातच मिळते का हे आधी विचारून ठेवावं. मोठ्या रुग्णालयात ती मिळते, सकाळी नऊनंतर शोधावी लागते.

बसवण्याची पद्धत एकच, आणि ती घरच्यांनाही शिकवावी. मागच्या सीटऐवजी ड्रायव्हरशेजारची सीट घ्यावी, ती पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करावी. माणसाने गाडीकडे पाठ करून उभं राहायचं, मागच्या बाजूला पिंढऱ्यांना गाडीची कड लागली की बसायचं, आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. बूड आधी, पाय नंतर. सीटवर एक साधी प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की वळणं सोपं जातं. वळून झाल्यावर ती काढून टाकायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो. डोकं चौकटीला आपटू नये म्हणून आपला हात चौकटीवर ठेवायचा. दाराला धरून उठू द्यायचं नाही, दार हलतं. अर्धांगवायू झालेल्याला लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. काखेत हात घालूनही नाही. कमरेला रुंद पट्टा बांधावा आणि तोच धरावा. लघवीची पिशवी असेल तर ती कायम कमरेच्या खाली राहिली पाहिजे. गाडीत बसताना ती मांडीवर घ्यायची सवय फार आहे.

रॅम्प लावलेली व्हॅन देणगीतून मिळाली तर फोटो छान येतो. पण हिशोब करून पाहा. इमारतीच्या रॅम्पला १:१२ चा चढ योग्य मानतात. व्हॅनचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर त्या चढाला सात मीटरहून लांब रॅम्प लागेल. म्हणून गाडीचा रॅम्प कितीतरी उभा असतो, बराचसा १:४ च्या जवळ, म्हणजे अडीच मीटर लांब. त्यावर ७० किलोंचा माणूस ढकलायला दोघं लागतात, आणि व्हॅनच्या मागे रॅम्पची लांबी, खुर्ची आणि ढकलणारा मिळून साडेचार-पाच मीटर मोकळी जागा. आपल्या गल्ल्यांत तिथे आठ दुचाक्या लावलेल्या असतात. आदल्या संध्याकाळी वॉचमनला फोन करून जागा राखायची, हे काम वहीत वेगळं लिहावं लागतं. उतरवताना खुर्ची नेहमी उलटी, माणसाचं तोंड गाडीकडे. आत खुर्चीचं तोंड समोर, चार कोपऱ्यांना चार पट्टे, आणि पट्ट्यांचे हूक खुर्चीच्या सांगाड्याला. चाकाला किंवा पायाच्या पट्टीला नाही. माणसाचा सीटबेल्ट वेगळा. खुर्चीचा ब्रेक लावला म्हणजे झालं, असं समजणारे ड्रायव्हर निम्म्याहून जास्त भेटतात.

स्वयंसेवकांच्या गाड्यांबद्दल एकच, पण कडक नियम: पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीने भाड्याचे पैसे घ्यायचे नाहीत. खासगी गाडी भाड्याने चालवणं म्हणजे परवान्याशिवाय वाहतूक, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेवढंच कारण पुढे करते. स्वयंसेवक फुकट नेत असेल तर नेऊ द्यावं. पैसे द्यायचे असतील तर पिवळ्या प्लेटची टॅक्सी किंवा मीटरची रिक्षा, आणि तिचा परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर.

डायलिसिसच्या फेऱ्या हा या सगळ्या कामाचा कणा, कारण त्या आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, वर्षभर, न चुकता असतात. आणि समन्वय करणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. सात वाजताची शिफ्ट घ्या. वजन, बीपी, सुया टोचणं यात सव्वासात-साडेसात होतात. मशीनवर चार तास म्हणजे साडेअकरा. सुया काढल्यावर त्या जागी दहा-पंधरा मिनिटं दाबून धरावं लागतं, मग उभं करून बीपी, पुन्हा वजन. सगळं सुरळीत झालं तर पावणेबारा-बारा. बीपी उतरलं किंवा पायात गोळे आले तर सलाइन लावून झोपवून ठेवतात, मग साडेबारा, पाऊण. मशीन उशिरा मोकळं झालं असेल तर सगळंच पुढे. त्यामुळे परतीची वेळ ‘बारा’ अशी लिहायचीच नाही. ‘पावणेबारा ते पाऊण’ असं लिहायचं, आणि त्या तासाभरात ती गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. ड्रायव्हरला केंद्राच्या आसपास राहायला सांगायचं आणि वाट पाहण्याचे पैसे आधी ठरवून द्यायचे. सुया निघाल्या की तंत्रज्ञाने एक मिस्ड कॉल द्यायचा. ही साधी गोष्ट जमवायला केंद्रातल्या प्रत्येक शिफ्टच्या माणसाशी ओळख ठेवावी लागते, मॅनेजरशी बोलून भागत नाही.

पैसे वाचवायला दोन पेशंट एका गाडीत घालायचा मोह होतो. जाताना घालावेत, येताना नाही. दोघांची मशीन एकाच वेळी सुटत नाहीत, आणि आधी सुटलेला माणूस गळून गेलेला, उपाशी, बाकावर तासभर बसतो. तिसऱ्या वेळी त्याच्या घरचे म्हणतात, तुमची सोय नको. येताना रिक्षा एकेकाची वेगळी, हा खर्च आनंदाने करावा. परतीच्या गाडीत ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) आहे तो हात कुणी धरायचा नाही, त्यावर पिशवी अडकवायची नाही. गाडीत पट्टीतून रक्त यायला लागलं तर गाजने नेमक्या जागी घट्ट दाबायचं, हात वर धरायचा आणि गाडी केंद्राकडे वळवायची. वर दोरी-रुमाल आवळून बांधायचा नाही. ड्रायव्हरच्या डॅशबोर्डात गाजचं एक पाकीट आणि उलटीच्या पिशव्या कायम हव्यात.

ओपीडीच्या फेरीत उशीर वेगळ्या कारणाने होतो. डॉक्टर आलेलेच नसतात. सकाळी निघण्याआधी ओपीडीला फोन करून ‘आज साहेब बसतायत का?’ हे विचारलं तर बऱ्याच फेऱ्या वाचतात. उपाशीपोटी तपासणी असेल तर मधुमेही माणसाजवळ साखर किंवा बिस्किटं हवीत, आणि त्याला पहिल्या फेरीत न्यावं. फाइल, आधार, योजनेतले उपचार असतील तर रेशनकार्ड, दिव्यांग असेल तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र: ही यादी आदल्या संध्याकाळच्या फोनवर वाचून दाखवायची. तो संध्याकाळचा फोन टाळला की सकाळी गाडी दारात उभी आणि घरात चष्म्याची शोधाशोध.

एका गाडीने दिवसात किती फेऱ्या होतात याचा अंदाज नवे लोक दुपटीने चुकवतात. नकाशावरचे २० मिनिटं म्हणजे फेरी नव्हे. चढवणं, उतरवणं, दवाखान्याच्या दारात जागा मिळेपर्यंतचा घोळ आणि पुढच्या घरापर्यंतचं रिकामं धावणं धरलं, तर खुर्चीवाल्या माणसांच्या एकेरी सहा, फार तर आठ फेऱ्या. त्याहून जास्त लिहिल्या की दुपारनंतर सगळी वही अर्धा तास मागे पडते, आणि चारची फिजिओथेरपी बुडते. रिकामं धावणं कमी करायचं असेल तर फेऱ्या वेळेने लावण्याआधी भागाने लावाव्यात.

मेट्रोला आम्ही पुष्कळ काम देतो. वनाझ ते रामवाडी मार्गावर आयडियल कॉलनी, नळ स्टॉपला लिफ्ट आहे, डबा फलाटाच्या पातळीला येतो आणि ‘धरून’ चालणाऱ्यालाही रुबी हॉल किंवा शिवाजीनगरच्या बाजूला नेता येतं. मार्ग बदलायचा तर सिव्हिल कोर्टला खालच्या फलाटापर्यंत दोनेक लिफ्ट आणि बरंच चालणं आहे, तिथे खुर्चीच बरी. अडचण घर ते स्टेशन. फूटपाथवर मधेच खांब, मधेच टपरी. म्हणून रिक्षा स्टेशनच्या लिफ्टच्याच बाजूला लावायची, समोरच्या बाजूला नव्हे, हे ड्रायव्हरला सांगून ठेवावं. पीएमपीच्या लो-फ्लोअर बसचा तळ साधारण ४० सेंटिमीटरवर असतो, पण बस थांब्याला टेकली नाही तर त्याचा उपयोग नाही. एसटीत ७५ वर्षांवर प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, पण साध्या बसच्या पायऱ्या चढता येत नसतील तर मोफत तिकिटाचं काय करायचं?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दर वेळी तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, आणि हातात हात. दवाखान्याच्या दारात ‘मी पार्किंग करून येतो’ म्हणून सोडायचं नाही. दृष्टिहीन माणसाची काठी आपण घ्यायची नाही. आपलं कोपर त्यांना धरू द्यायचं आणि पायरी आली की बोलायचं. ऐकू न येणाऱ्यांच्या नावापुढे वहीत ‘मेसेज’ असं ठळक लिहायचं, नाहीतर ड्रायव्हर खालून फोन लावत बसतो आणि ‘घरी कुणी नाही’ म्हणून निघून जातो.

पैशांचा व्यवहार गाडीत होऊ देऊ नये. मीटरचे पैसे पेशंटचे, थांबण्याचे संघाचे, असं ठरवलं असेल तर संघाचे पैसे आठवड्याला एकदा ड्रायव्हरला द्यावेत. सुट्ट्यांवरून आजींशी हुज्जत घालणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी बदलावा.

पुण्यात वर्षातले काही दिवस वही आधीच बदलून ठेवावी लागते. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठेवरचा भिडे पूल बंद होतो आणि डेक्कनकडून पेठांत जायला म्हात्रे किंवा लकडी पुलावर गर्दी. आषाढात दोन्ही पालख्या शहरात दोन रात्री मुक्कामाला असतात. येण्याच्या दुपारी वाकडेवाडी-शिवाजीनगरच्या बाजूच्या आणि निघायच्या पहाटे हडपसरच्या बाजूच्या फेऱ्या घेऊच नयेत. विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड बंद असतात. पण डायलिसिस दोन दिवस पुढे ढकलता येत नाही. पेठेतलं केंद्र असेल तर गणेश चतुर्थीच्या आधीच त्या आठवड्याची शिफ्ट आदल्या दिवशी किंवा पहाटे मागून घ्यावी, नाहीतर त्याच समूहाच्या नदीपलीकडच्या केंद्रात एका सत्रापुरती जागा. त्यासाठी ताजे रक्ततपासणीचे रिपोर्ट लागतात, त्यात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी हवेतच. ते यायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून रक्त त्याआधीच्या आठवड्यातच द्यायचं.